कात्रणांची पेटी

(धर्मग्रामाच्या जयंतीनिमित्त नांदगांव पेठ येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जयंतीच्या या मंगल प्रसंगीं मला चार शब्द बोलावयास उभें केलें याबद्दल मी स्मरणिका-मंडळाचा आभारी आहें. मी वक्ता नव्हे. आयुष्याचीं चौतीस वर्षें मीं एका शाळेच्या ग्रंथालयांत पुस्तकें देण्याघेण्यांत घालविलीं, व फावल्या वेळीं जुन्या वर्तमानपत्रांतील कात्रणें जमविण्याचा छंद केला. मंडळानें मला 'वऱ्हाडांतील ख्रिस्ती लोकांचा इतिहास' हा विषय दिला होता. पण तो माझ्या आवांक्याबाहेरचा आहे. त्या इतिहासाचें जें थोडेंफार साधन माझ्या घरीं दोन लोखंडी पेट्यांत पडून आहे, तेवढ्याविषयींच आज बोलावें असें मीं ठरविलें, आणि फादरांनीं त्यास संमति दिली.

कात्रण हा शब्द मूळचा शिंप्याच्या दुकानांतला. कापड बेतून झाल्यावर जें खालीं पडतें तें कात्रण. शिंप्याच्या लेखीं तें टाकाऊ. पण गोधडी शिवणारी बाई त्याच्या दुकानीं जाते ती तेंच मागावयास. वर्तमानपत्राचेंही तसेंच आहे. सकाळीं ज्याची सर्वजण वाट पाहतात तें पत्र सायंकाळीं भज्यांच्या पुड्याला जातें. त्यांतून एकादा तुकडा कोणी वेडा माणूस कापून ठेवतो, आणि पन्नास वर्षांनीं त्याच तुकड्याची शोधाशोध सुरू होते. हें वेड एकट्या आपल्याकडचें नव्हे. पॅरिस शहरांत १८७९ सालीं कात्रणें पुरविण्याची पेढीच निघाली. नटनट्यांना आपल्याविषयीं कोणत्या पत्रांत काय छापून आलें हें जाणण्याची हौस असे, व ती हौस पुरविण्याचे ती पेढी पैसे घेई. माझी पेढी अर्थातच नेहमीं तोट्यांत चालली.

विनोद सोडून देऊं. ज्यांच्या कामावर आपण सर्व मराठी वाचक उभे आहोंत, त्यांपैकीं कित्येकांनीं असेच तुकडे वेंचले आहेत. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें शालेय शिक्षण आपल्या अमरावतीसच झालें. त्यांच्या ज्ञानकोशाचे तेवीस भाग झाले. पण त्यांचा आरंभ मोठमोठ्या ग्रंथांनीं झाला असेल तितकाच चिठ्ठ्याचपाट्यांनीं झाला असला पाहिजे, कारण कोशाचें काम दुसऱ्या रीतीनें होतच नाहीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूचि तयार करून १९४३ सालीं छापली, व पुढें १९५० पर्यंतचा दुसरा खंड १९६१ सालीं काढला. नियतकालिकांची निराळी सूचि काळे व बर्वे यांच्या सोबतीनें झाली. दात्यांच्या सूचींत कथा नाहीं, वर्णन नाहीं. नांव, कर्ता, साल, पृष्ठें, किंमत एवढेंच. परंतु मला विचाराल तर ग्रंथालयाच्या धंद्यांतल्या माणसानें रोज तिचीं दोन पानें वाचावीं. आपल्या लोकांनीं काय काय छापलें व काय काय गमावलें हें त्यांत उघड दिसतें.

गोव्याकडे पाहिलें तर तेथें आलेइशो मानुएल दा कॉस्ता नांवाचे ग्रंथपाल व इतिहासकार होऊन गेले. गोमंतकीय लेखकांचीं चरित्रें व त्यांच्या लेखनाची यादी असा त्यांचा पोर्तुगीज भाषेंतील कोश १९९७ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाला. गोव्यांत पहिलें पत्र 'गाझेता द गोवा' १८२१ सालीं निघालें, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'पूर्वीं अकरा वर्षें. पणजीच्या सरकारी ग्रंथालयाचा आरंभ मात्र दर्पणाच्याच सालचा, १८३२ चा. १९०० सालीं 'ओ हेराल्दो' हें दैनिक सुरू झालें. अशा प्रांतांत लेखक म्हणजे बहुधा पत्रांतून लिहिणारा गृहस्थ. पुस्तक झालें तर झालें, न झालें तर त्याचें सारें लेखन पिवळ्या पानांत निजून राहिलें. त्याला तेथून उठवावयाचा तर पानें उलटणाऱ्या ग्रंथपालावांचून गति नाहीं. मुंबईस येशूसंघाचे फादर हल हे 'एक्झामिनर' पत्राचे कित्येक वर्षें संपादक होते. मुंबई मिशनचा इतिहास त्यांनीं १९२७ व १९३० सालीं दोन खंडांत छापला. ज्या संस्थेजवळ स्वतःचें पत्र असतें व त्याचे अंक जी जपून ठेवते, तिचा इतिहास लिहितां येतो. आपल्या वऱ्हाडास नेमकी हीच उणीव आहे.

वऱ्हाडांत पत्रें नव्हतीं असें नाहीं. अकोल्याचें 'वऱ्हाड समाचार', उमरावतीचा 'प्रमोदसिंधु', पुढें 'उदय', 'मातृभूमि'. नागपुरास १९१४ पासून ओगल्यांचा 'महाराष्ट्र'. पण त्यांत आपण कोठें आहोंत? मीं चाळीस वर्षें शोधलें, त्यावरून सांगतों. मोठ्या पत्रांत ख्रिस्ती माणूस नाताळांत एकदां दिसतो, धर्मांतराचा वाद पेटला म्हणजे दुसऱ्यांदा दिसतो, आणि उरलेले अकरा महिने तो जणूं जगतच नाहीं. त्याचें लग्न होत नाहीं, त्याचें पीक बुडत नाहीं, त्याचा मुलगा मॅट्रिक पास होत नाहीं. याकरितां मला 'निरोप्या'चा एकादा जुना अंक दहा दैनिकांहून मोलाचा वाटतो. हें मासिक १९०३ सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील केंदळ येथें जर्मन फादर हेन्री डोरिंग यांनीं सुरू केलें. हे फादर पुढें पुण्याचे बिशप झाले, १९२१ सालीं त्यांना जपानांत हिरोशिमास पाठविण्यांत आलें, व १९२७ सालीं ते पुन्हां पुण्यास आले. एका मराठी मासिकाच्या संस्थापकानें एवढा प्रवास केला. त्यांचें मासिक मात्र खेड्यापाड्यांतच फिरत राहिलें. कोण वारलें, कोठें शाळा निघाली, कोणाच्या घरीं पहिली प्रभुभोजनाची मेजवानी झाली, असल्या बारीक बातम्या ज्यांत येतात तेंच खरें आपलें बखरपत्र होय.

दुसरी एक अडचण अशी कीं, आपल्या आरंभीच्या काळचीं पत्रें मराठींत नाहींत. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं झाला, व अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ सालीं. मधल्या काळांत या भागांत जे मिशनरी फिरले ते संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे. तो संघ १८३८ सालीं फ्रेंच भाषा बोलणाऱ्या ॲनसी गांवीं स्थापन झालेला. त्यांनीं आपल्या वरिष्ठांस लिहावयाचें तें फ्रेंचमध्यें. आपल्या पणजोबांचें नांव एकाद्या फ्रेंच पत्रांत चुकीच्या स्पेलिंगानें लिहिलेलें असेल, आणि तें आपल्यापैकीं कोणी कधींच वाचणार नाहीं, या विचारानें मला कधीं कधीं झोंप येत नाहीं.

आतां मी मुद्द्यावर येतों. माझ्या पेटींत एक सात ओळींचें कात्रण आहे. आजच्या व्याख्यानाचें खरें कारण तेंच.

१९७४ च्या सुमारास मी नुकताच नोकरीस लागलों होतों. अमरावतीच्या इतवाऱ्यांत एका रद्दीवाल्याकडे फाटक्या जुन्या पत्रांचा एक गठ्ठा मला मिळाला. सगळा गठ्ठा विकत घेण्याइतके पैसे खिशांत नव्हते. मीं तेथेंच बसून पानें चाळलीं, आणि जेथें 'ख्रिस्ती' हा शब्द दिसला तेथें कात्री चालविली. रद्दीवाला भला माणूस. त्यानें त्या तुकड्यांचे पैसेही घेतले नाहींत. घरीं आल्यावर मीं मैद्याची खळ करून ते वहींत चिकटवले. पत्राचें नांव लिहिलें नाहीं, तारीख लिहिली नाहीं, पानाचा आंकडा लिहिला नाहीं. गठ्ठ्याचा उरलेला भाग दुसऱ्या दिवशीं किराणा दुकानांत गेला असावा. ग्रंथालयशास्त्राची पदवी माझ्या भिंतीवर टांगलेली होती, आणि मीं हें केलें!

त्या सात ओळींत एवढेंच आहे: एका खेड्यांतले ख्रिस्ती मास्तर पटकीनें वारले, दहा वर्षें त्यांनीं रात्रीची शाळा चालविली, दिव्याच्या तेलाचा खर्च ते पदरचा करीत, शाळेंत सर्व जातींचीं मुलें येत, मागें पत्नी व दोन मुलगे आहेत. मास्तरांचें व त्यांच्या वडिलांचें नांव छापलेलें आहे. तें मी येथें उच्चारीत नाहीं, घरच्यांची तशी इच्छा आहे. गांवाचें नांव मात्र माझ्या कात्रीनें खाल्लें. '…पूर' एवढें शिल्लक आहे. वऱ्हाडांत पूर ज्यांच्या शेवटीं आहे अशीं गांवें काय थोडीं आहेत?

दोन वर्षांपूर्वीं आपल्यांतल्याच एका वृद्ध मावशी माझ्याकडे आल्या. त्यांचा नातू कॉलेजांत शिकतो. त्याला कोणी मित्र थट्टेनें म्हणाला कीं, तुम्ही लोक दुष्काळांतले ख्रिस्ती, धान्यासाठीं झालेले. मुलगा घरीं येऊन दोन दिवस जेवला नाहीं. मावशींनीं मला विचारलें, "मास्तर, आमचे आजोबा दुष्काळाच्या आधी आले का मागून? तुमच्या पेटीत काही असन त सांगा." त्यांनीं आजोबांचें नांव सांगितलें, आणि मला तो सात ओळींचा तुकडा आठवला. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहींत त्याच नांवाच्या गृहस्थाच्या दोन मुलग्यांच्या नोंदी मिळाल्या, बापाचा व्यवसाय शिक्षक. माणूस तोच, याविषयीं मला शंका उरली नाहीं. येथें जातां जातां सांगतों कीं, ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं लग्नांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली, आणि १९०७ च्या फर्मानानें लग्नाची खूण बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं करण्याचा नियम केला. म्हणून आपल्या वहीच्या समासांत माणसाचें अर्धें आयुष्य सांपडतें. परंतु मावशींचा प्रश्न होता सालाचा. मास्तर वारले केव्हां, आणि शाळा सुरू केली केव्हां? पहिलें साल कळलें तर दुसरें मोजतां येईल. तारीख मीं ठेवलीच नव्हती.

अखेर मीं तें कात्रण वहींतून सोडविलें. ओल्या टिपकागदाखालीं तें दोन तास ठेवलें, मग पातळ सुरीनें कडेपासून हळूहळू उचललें. कात्रणाला पाठ असते हें आम्ही जमविणारे लोक विसरतों. पुढच्या बाजूचें आम्ही निवडतों. पाठीमागें काय येईल तें दैवाधीन. पाठीवर एका बाजूस कापसाच्या भावाचा अर्धा रकाना होता. वऱ्हाडांतल्या पत्रास हें शोभेलच, कारण कारंजास १८८६ सालीं कापसाचा नियमबद्ध बाजार सुरू झाला, आणि १८९७ च्या कायद्यानें ती पद्धत सर्व वऱ्हाडास लागू झाली. पण भावांवरून साल ठरविण्याइतके आंकडे उरले नव्हते. दुसऱ्या बाजूस तीन ओळी होत्या: बादशहा व राणीसाहेब मुंबईस बंदरावर उतरावयाचे आहेत, त्यांच्या स्वागताची तयारी चालू आहे.

यावरून पुढची वाट सोपी झाली. दिल्लीस दरबार तीन झाले, १८७७, १९०३ व १९११ सालचा. पहिल्या दोहोंस राजा स्वतः आला नव्हता. पांचवे जॉर्ज व राणी मेरी १९११ च्या डिसेंबरच्या दोन तारखेस मुंबईस उतरले. बातमींत 'उतरावयाचे आहेत' असें आहे. म्हणजे कात्रण त्यापूर्वींचें, आणि तयारीची गडबड पाहतां त्याच वर्षाच्या उत्तरार्धांतलें. त्यांतून दहा वर्षें वजा केलीं कीं शाळेचा आरंभ १९०१ च्या आगेमागें येतो. छप्पन्नाचा मोठा दुष्काळ १८९९-१९०० चा.

मित्रहो, खरें सांगतों, मावशींना हें सांगण्यास मीं तीन आठवडे लावले. त्यांना हवें होतें तें उत्तर हें नव्हतें. 'दहा वर्षें' हा आंकडा वार्ताहरानें अंदाजानें लिहिला असेल, आधीं पांच वर्षें ते दुसरीकडे असतील, अशी मीं मनाशीं पुष्कळ वकिली केली. तशी शक्यता आहेही. वर्तमानपत्रांत छापलें म्हणून तें वेदवाक्य होत नाहीं, आणि एकाच घटनेच्या दोन पत्रांतील हकीकती ताडून पाहिल्यावांचून कोणतीही बातमी मी साक्षीस उभी करीत नाहीं. पण जें कागदावर आहे त्यावरून ते दुष्काळाच्या सुमारास आले, असेंच म्हणावें लागतें. शेवटीं एका रविवारीं मिस्सा झाल्यावर मीं त्यांना तें कात्रण दाखविलें व जसें आहे तसें सांगितलें. मावशींनीं चष्मा लावून सातही ओळी दोनदां वाचल्या. तेलाच्या खर्चाच्या ओळीवर बोट ठेवून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "धान्य त दोन सालात सरलं असन, मास्तर. थे त इथंच रायले ना! अन् तेल घरचं जाळलं."

नातवानें त्या कात्रणाचें छायाचित्र आपल्या मोबाइलांत घेतलें. तो पुन्हां जेवूं लागला होताच. पण आतां तो माझ्याकडे दर पंधरवड्यास येतो, व नोंदवह्यांतील जुनी मोडी सहीही त्याला वाचतां येऊं लागली आहे.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी, कारण हें ऐकून आपल्यापैकीं कित्येकजण आज घरीं जाऊन माळ्यावरच्या ट्रंका उघडतील. कृपा करून कात्री हातांत घेऊं नका. ज्या अंकाची दुसरी प्रत कोठें आहे कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, तो कापणें म्हणजे माझी १९७४ ची चूक पुन्हां करणें. अंक सबंध ठेवा. पानाची छायाप्रत किंवा छायाचित्र घ्या. नवें पत्र असेल तर खुशाल कापा, पण कापण्यापूर्वीं निराळ्या कागदावर पत्राचें नांव, गांव, तारीख व पृष्ठ लिहा. कात्रणावर शाईनें लिहूं नका.

चिकटवूं तर मुळींच नका. माझ्या पहिल्या वहीची खळ कसरीनें चाटून खाल्ली. बाइंडर लोक खळींत मोरचूद घालीत तें उगीच नव्हे. टांचणी गंजते व कागदास भोंक पाडते. चिकटपट्टी आज स्वच्छ दिसते. दहा वर्षांनीं ती तपकिरी होऊन अक्षरें सोबत घेऊन निघते. जाड, पांढऱ्या, उत्तम कागदाच्या पाकिटांत एकेक कात्रण सुटें ठेवावें, एवढें बस्स आहे.

पुष्कळांना वाटतें कीं जितका कागद जुना तितका तो अधिक जीर्ण. तसें नसतें. सुमारें १८७० पर्यंत पत्रें चिंध्यांपासून केलेल्या कागदावर निघत, तो कागद टिकाऊ. नंतर स्वस्ताईसाठीं लाकडाच्या लगद्याचा कागद आला. लाकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. उजेड व हवा लागली कीं तें पिवळें पडतें, कागदांत आम्ल वाढतें, आणि कागद पापडासारखा मोडतो. म्हणून १८५० चा अंक १९५० च्या अंकाहून पुष्कळदां पांढरा दिसतो. आपल्या वऱ्हाडच्या वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेल्या ट्रंकेंत हें काम किती लवकर होत असेल तें निराळें सांगावयास नको. ट्रंक माळ्यावरून खालीं आणा, घरांतल्या थंड खोलींत विटांवर ठेवा, वाळवी लागते कीं काय तें दर पावसाळ्यांत पहा.

आणि कात्रणें म्हणजे केवळ बातम्या नव्हेत. लग्नपत्रिका, मृत्यूच्या चौकटी, शाळेच्या बक्षीससमारंभाची छापील पत्रिका, जयंतीचीं हस्तपत्रकें, जुन्या मिस्सेच्या गीतांचे कागद, हें सर्व आणा. आज ही स्मरणिका छापली जात आहे. तिचीही एक प्रत मी पेटींत ठेवणार आहें, आणि तिच्यावर तारीख छापली आहे कीं नाहीं हें मुद्रितें तपासणाऱ्यास मीं दोनदां विचारलें.

फादरांनीं धर्मग्राम-घराची लहान खोली या कामास दिली आहे. येत्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारीं मिस्सेनंतर मी तेथें दोन तास बसेन. ज्याचा कागद त्यालाच परत मिळेल. खोलींत फक्त त्याची प्रत राहील. मावशींचा नातू संगणकाचें काम पाहील, व मी पाकिटें लिहीन. पहिलें पाकीट लिहून झालें आहे. त्यावर असें आहे: 'ख्रिस्ती मास्तरांच्या मृत्यूची बातमी, सात ओळी. गांव …पूर, पूर्ण नांव अज्ञात. पत्राचें नांव अज्ञात. पाठीवरील मजकुरावरून १९११ चा उत्तरार्ध, २ डिसेंबरपूर्वीं. कापणाराच्या हयगयीमुळें तारीख नाहीं.' खालीं माझी सही आहे.